माझ्या वहीतला दगड

रविवारी सकाळी सातला बागेत पोचले की मी आधी घमेली मोजते. निघताना पुन्हा मोजते. याचा लोकांना राग येतो. "ताई, आम्ही हौसेनं राबायला आलो आणि तुम्ही आमच्यावर पहारा ठेवता," असं मला तोंडावर ऐकवलेलं आहे. पहारा घमेल्यांवर आहे, असं मी सांगते. तरी ज्याला लागायचं त्याला लागतंच.

या अंकासाठी नोकरीच्या आठवणी लिहा असं सांगितलं गेलं, तेव्हा मी आधी पगाराच्या नोकरीचा विचार केला. रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत मी बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं. स्टोअर म्हणजे कंपनीचं कोठीघर. नटबोल्टापासून पंपापर्यंत सगळं तिथे असतं आणि प्रत्येक वस्तूचं एक कार्ड असतं. कार्डावर दोन गोष्टी लिहायच्या, नग किती आणि वस्तू ठेवली कुठे. दुसरी जास्त महत्त्वाची. पहिल्या शिफ्टला ठेवलेला पाना तिसऱ्या शिफ्टच्या माणसाला सापडला नाही तर तो असून नसल्यासारखाच. या कामात माणूस संशयी होतो. ज्यानं पाना नेला तो "उद्या आणतो" म्हणतो, आणि त्याचा उद्या कधी उजाडत नाही. पण त्या नोकरीत सांगण्यासारखं एवढंच आहे. सांगण्यासारखी खरी नोकरी मी केली ती रविवारची, बिनपगारी, आमच्या वरशाच्या बागेतली. अजून करते आहे. आणि सगळ्यात मोठी चूकही तिथेच केली. आमच्या बागेचा एक तुकडा माझ्याच हातानं शेजारच्या प्लॉटमध्ये चालला होता.

वरसे म्हणजे रोह्याला लागूनच. मी लग्न होऊन आले तेव्हा इथे भाताची खाचरं होती. नंतर प्लॉट पडले, बंगले आले, इमारती आल्या. प्लॉट पाडताना मोकळी जागा सोडावी लागते, तशी आमच्या कॉलनीतही सोडलेली होती. नकाशात तिला बाग म्हणत. प्रत्यक्षात तिथे कमरेएवढं गवत, कठडा खचलेली विहीर, एक जुनं जांभळाचं झाड, तीन बाक आणि दोन झोके होते. एका झोक्याला पाट नव्हता. उरलेल्या जागेत लोकांनी घरातलं नको ते आणून टाकलेलं. गाद्या, फुटके बेसिन, मागच्या वर्षीचं गणपतीचं मखर.

मी आणि शिर्के सर, अशा दोघांनी सुरुवात केली. सर हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांना फोटो काढायची भारी हौस. काम सुरू होण्याआधी एक आणि संपल्यावर एक, असे ते दर रविवारी मोबाइलवर टाकत. काही रविवारी दोन्ही फोटो सारखेच दिसत, पण सर निराश होत नसत.

अशी सफाई कशी चालते हे बाहेरच्याला ठाऊक नसतं, म्हणून सांगते. पहिली गोष्ट, चहा काम झाल्यावर द्यायचा. आधी दिला की कप हातात घेऊन लोक देशाविषयी बोलायला लागतात. दुसरी, प्रत्येकाला जागा नेमून द्यायची. "जमेल ते करा" म्हटलं की सगळे मिळून सगळ्यात स्वच्छ कोपरा झाडतात. विळे ज्यांना चालवता येतात त्यांनाच द्यायचे, ते कोण हे हात बघून कळतं. टोपल्या मी गडब गावच्या हायवेवरच्या दुकानातून आणते, बांबूच्या. प्लास्टिकच्या टोपल्या कामाला आणल्या की कुणाच्या ना कुणाच्या मोरीत पोचतात. बांबूची टोपली कुणी पळवत नाही.

आणि गिऱ्हाइकं. सकाळी फेऱ्या मारणारे एक गृहस्थ रोज चालता चालता सूचना करत, "तिथे राहिलं, तिथे राहिलं." पाच वर्षांत ते एकदाही वाकले नाहीत. एक बाई पूजेची फुलं नेत, कळ्यांसकट. त्यांना पकडलं तर म्हणाल्या, "देवालाच वाहते ना, घरी भाजी करून खात नाही." एकानं मला सरळच विचारलं, "ग्रामपंचायतीला उभ्या राहणार का?" नाही म्हटलं. "मग मिस्टर?" तेही नाही. "मग हे कशासाठी?" बाग साफ व्हावी म्हणून, असं मी म्हटल्यावर त्यांनी इतक्या समजूतदारपणे मान हलवली की माझा मलाच संशय आला. मतलबाशिवाय कुणी गवत उपटतं यावर आमच्या कॉलनीत कुणाचा विश्वास नव्हता. माझाही नव्हता. दुसरं कुणी उपटलं असतं तर मीही हेच विचारलं असतं.

पहिल्या रविवारी मी गवताला हात लावला नाही. आधी मोजदाद केली. नवीन स्टोअर ताब्यात घेताना करतात तशीच. सरांनी टेप धरली आणि मी वहीत लिहिलं. झोके दोन, पैकी एक नादुरुस्त. बाक तीन. विहीर एक. जांभूळ एक. प्रत्येकापुढे ती वस्तू कुठे आहे हेही लिहिलं. त्यात एक ओळ अशी आहे: "दगड एक, घडीव, अर्धा पुरलेला. विहिरीच्या कठड्यापासून चौपन्न फूट, जांभळापासून एकोणीस." घडीव असं मी स्वतःच्या हातानं लिहिलं. गवतात एकटाच घडीव दगड कशाला असेल, हे मनात आलं नाही. स्टोअरमध्ये नवीन पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगत असे, ज्या वस्तूचा उपयोग कळत नाही ती भंगारात टाकायची नाही, आधी चार जणांना विचारायचं. तो नियम मी कंपनीच्या गेटवर ठेवून आले होते बहुतेक.

त्या दिवशी बाकावर एक म्हातारी बसलेली होती. लुगडं नऊवारी, गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पाय टाचेपासून बोटापर्यंत भेगाळलेले, मिठागरात उभं आयुष्य काढलेल्या बायकांचे असतात तसे. आंबूबाय तिचं नाव. पेणकडची, खाडीकाठच्या गावातली. नवरा गेल्यावर मुलीनं इकडे आणलेली. मी पेणची म्हटल्यावर खूश होईल असं वाटलं.

"पेनची व्हय? कुनाची?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. गणपतीचा कारखाना होता आमचा, तेही सांगितलं.

"आनि ह्ये काय मोजताव?"

"बाग मोजतोय मावशी. साफ करायची आहे."

"गवात काढाला टेप लागते?"

सर हसले, मीही हसले. ती हसली नाही.

पुढच्या रविवारी त्या दगडाला शेंदूर लावलेला होता.

मी वहीत नोंद केली. आठवड्यानं जास्वंदीचं फूल आलं. मग करवंटी, उदबत्तीची काडी. पावसाळा आला तेव्हा चार काठ्यांवर निळं प्लास्टिक. हे कोण करतं ते शोधायला फार लागलं नाही. आंबूबाय सकाळी यायची, तेलात शेंदूर कालवून बोटानं लावायची आणि बाकावर बसून आमच्याकडे बघत राहायची.

"सर, लक्षण ठीक नाही," मी म्हटलं.

"म्हातारी आहे. करू दे."

"म्हातारी एकटी नसते. तिच्यामागे जावई असतो. आज प्लास्टिक आहे, उद्या पत्रा येईल. पत्र्याखाली चार विटा, विटांवर घंटा. मग वर्धापनदिन. मग आपण खराटा घेऊन आलो की चपला बाहेर काढायच्या."

हे मी हवेत बोलत नव्हते. असं होताना आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे पाहिलेलं आहे. त्या जागेवर पुढे कुणी बोट ठेवू शकत नाही. मी जावयाची माहिती काढली. तो बसडेपोत मेकॅनिक होता आणि त्याला बागेचा पत्ताही धड माहीत नव्हता. माणसाला मुद्दाम काही माहीत नसल्यासारखं दाखवता येतं, असं मी तेव्हा वहीत लिहिलेलं आहे. आता वाचताना लाज वाटते.

हिवाळ्यात आंबूबाय माघी गणपतीसाठी गावाकडे गेली आणि मी ठरवलं, या रविवारी दगड हलवायचा.

कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं ऐकलं आणि कानाला हात लावला. "ताई, देवाला हात? मी नाही येत बाबा." कॉलनीतला एकही जण पहारीला हात लावेना. इथे माझं पेण नडलं. लहानपणापासून मी देव उचलत आले. कारखान्यात फळीवर ओळीनं गणपती असत, कुणाला हात नाही, कुणाला सोंड नाही. आम्ही पोरीबाळी त्यांना पॉलिश पेपरनं घासायचो, काखेत धरून उन्हात ठेवायचो, पाठीला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी डकवायचो. वडील म्हणायचे, यजमानाच्या घरी जाऊन पूजा होईपर्यंत ती माती. पेणच्या माणसाला मूर्तीची भीती नसते. आदर असतो, पण भीती नसते. आमच्यासाठी देव म्हणजे जपून इकडून तिकडे न्यायची वस्तू.

तेव्हा मी जपून नेला. नारळ फोडला. मी आणि सरांनी पहार घालून दगड उकरला. वाटला होता त्यापेक्षा दुप्पट खोल निघाला. गोणपाटावर घालून दहा-बारा फूट ओढत आणला आणि आम्हीच लावलेल्या पारिजातकाच्या आळ्यात, झाडाच्या बुंध्याशी, उभा केला. देवाला चांगली जागा मिळाली आणि बागेची कड मोकळी झाली. शिवाय एकाही माणसाला विटा रचाव्याशा वाटणार नाहीत, अशी भर चिखलातली जागा. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. वहीत लिहिलं: "दगड पारिजातकाखाली हलवला." सरांनी आधीचा आणि नंतरचा फोटो टाकला. त्या दिवशी दोन्ही फोटोंत फरक स्पष्ट दिसत होता.

आंबूबाय परत आली. मी तयारीत होते, काय बोलायचं तेही ठरवून ठेवलेलं. तिनं रिकाम्या खड्ड्याकडे पाहिलं, पारिजातकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुन्हा शेंदूर लावला नाही. बाकावर मात्र रोज बसत राहिली. मी समजले, बेत फसला म्हणून गप्प आहे.

पावसाळा गेला, नवरात्र झालं. एका रविवारी सकाळी बागेत शिरले तर आतच चर खणलेला. कंपाउंडच्या भिंतीचा पाया. शेजारचा प्लॉट बरीच वर्षं ओसाड होता. तो पनवेलच्या ठोंबरे नावाच्या गृहस्थांनी घेतला होता आणि आता बांधकाम काढलं होतं. चर रस्त्याकडून नीट सुरू होत होता आणि मागे मागे जाताना बागेत तिरका घुसत होता. जांभूळ त्यांच्या बाजूला गेलं होतं. चराच्या भिंतीतून जांभळाची मनगटाएवढी मुळं तुटून बाहेर लोंबत होती.

माझ्या अंगात काय शिरलं ते सांगत नाही. ठोंबरे तिथेच उभे होते, हातात नकाशा, पायांत स्वच्छ बूट. मी त्यांना जे बोलले त्यात "दिवसाढवळ्या" हा शब्द बऱ्याचदा आला. पंधरा-वीस माणसं जमली. इतक्या रविवारांत एवढी माणसं मला कधी मिळाली नव्हती.

ठोंबरे शांत होते. त्याचाच मला जास्त संशय आला.

"बाई, मी एक इंचही जास्त घेतलेला नाही," ते म्हणाले. "नकाशाप्रमाणे माझ्या हद्दीला दोन दगड आहेत. एक पुढे रस्त्याला, एक मागे. गवंड्यानं दोघांना दोरी लावली. त्याला विचारा."

गवंडी चरातून वर आला. "व्हय मॅडम. ह्यो पुढचा दगड. आनि त्यो तिकडं झाडाखाली मागचा. वर फुली हाय बघा, छिन्नीनं मारलेली. शेंदराखाली झाकली व्हती, मी खरडून बघितली."

तो पारिजातकाकडे बोट दाखवत होता.

मी पाहिलं. शेंदराचा जाड थर एका जागी खरवडलेला आणि त्याखाली, दगडाच्या माथ्यावर, स्वच्छ फुली. हद्दीच्या दगडावर मारतात तशी. मी तो दगड मोजला होता, लिहिला होता, उकरला होता, ओढला होता. त्याच्या माथ्यावर काय आहे ते एकदाही पाहिलं नव्हतं.

"हा दगड इथे नव्हताच," सर हळूच म्हणाले.

"मग कुठे होता?" ठोंबऱ्यांनी विचारलं. "आणि हलवला कोणी?"

ज्यांना माहीत होतं ते सगळे जमिनीकडे बघत होते. आणि खरं सांगते, मीही गप्प होते. डोक्यात हिशेब चालला होता. हद्दीचा दगड हलवणं हा गुन्हा आहे एवढं मला ठाऊक होतं. इतके दिवस मी ज्यांच्यावर संशय घेतला ते सगळे भोवती गोल करून उभे होते, फुलं नेणाऱ्या बाईंसकट.

बाकावरून आवाज आला. "हिनं हलवला."

आंबूबाय उठलीही नव्हती. बसल्या जागेवरून माझ्याकडे बोट.

"आनि कुठं व्हता त्ये हिच्या वहीत हाय. पयल्या दिशी लिवलंय तिनं. मी व्हते हितंच. काढ गो वही."

वही माझ्या पिशवीतच होती. ती नेहमीच असते. मी पहिलं पान उघडून मोठ्यानं वाचलं, घडीव या शब्दासकट. मग माघातलं पान काढलं आणि तेही वाचलं: "दगड पारिजातकाखाली हलवला." खाली माझी सही होती. कार्डावर सही करायची सवय.

फेऱ्या मारणारे गृहस्थ म्हणाले, "मी तेव्हाच म्हणणार होतो."

ठोंबऱ्यांनी वही हातात घेऊन दोन्ही पानं वाचली. मला वाटलं आता ते फोन काढतील. त्यांनी गवंड्याला हाक मारली. "दोऱ्या दोन आण."

एक दोरी विहिरीच्या कठड्यापासून चौपन्न फूट, दुसरी जांभळाच्या खोडापासून एकोणीस. दोन्ही ताणून जिथे मिळाल्या तिथे गवत माजलेलं होतं, मागच्या पावसात उगवलेलं. गवंड्यानं गवत उपटलं, फावड्यानं वरची माती सारली. आधी करवंटीचा तुकडा निघाला. मग उदबत्तीच्या काड्या. आणि मग माती लाल झाली. रोह्याची माती काही लाल नाही. तेलानं घट्ट झालेली, शेंदरी, हाताला चिकटणारी. एक पावसाळा तिच्यावरून गेला होता तरी जागा सोडून हलली नव्हती.

"हितंच व्हता," गवंडी म्हणाला. त्यानं आपसूक पायातली चप्पल काढली.

काम त्या दिवशी थांबलं. ठोंबऱ्यांनी स्वतःच रीतसर मोजणीचा अर्ज केला. "मला भांडणाची भिंत नको," एवढंच म्हणाले. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "तुमच्या जागी मी असतो तर मीही असंच ओरडलो असतो. वही मात्र वाचली नसती." हे मी स्वतःची स्तुती म्हणून लिहीत नाही. आंबूबाय बोलली नसती तर मीही वाचली असती की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

सगळे गेल्यावर मी तिच्याजवळ बाकावर बसले.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं तो हद्दीचा दगड आहे?"

"मग काय गो. जल्मभर बांधावर राबलो आमी."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुला?" तिनं मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. "तुझ्या हातात टेप व्हती."

मला आधी कळलं नाही. मग ती बोलली. एरवी कमी बोलणारी बाई, पण त्या दिवशी बोलली. तिच्या बापाची खाडीकडेला थोडी खार जमीन होती, बांध घालून खारं पाणी अडवलेली. ती लहान असताना दोन माणसं आली. चांगल्या कपड्यांतली, गोड बोलणारी. हातात टेप आणि वही. तिनंच त्यांना तांब्याभर पाणी दिलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं, बांध किती, झाडं किती, दगड कुठे. पुढच्या उधाणाला बांध फुटला. पाणी ओसरलं तेव्हा दगड होता, पण होता त्या जागी नव्हता. बाप सांगत राहिला की दगड तिकडे होता. त्याच्याकडे वही नव्हती.

"तवापासून आमच्या गावात दगडाला शेंदूर फासतात," ती म्हणाली. "द्येव केला का मानूस हात लावाला घाबरतो. तू आलीस टेप घेऊन, वही घेऊन. पेनची, शिकलेली. ह्यो म्हातारा फोटो काढतोय. मी म्हटलं, झाला, ह्या बागेचा कायतरी बेत हाय. म्हणून लावला शेंदूर."

"म्हणजे माझ्यामुळे?"

"नायतर कुनामुळं? तू यायच्या आधी चार वर्षं मी हितं बसतेय. तवा लावला व्हता का?" मग म्हणाली, "घाबरतात गो समदी. तू नाय घाबरलीस."

मी घरी जाऊन वही तपासली. पहिल्या रविवारी टेप. दुसऱ्या रविवारी शेंदूर. दोन ओळी एकाखाली एक, माझ्याच अक्षरात, इतके महिने. मी त्या बाईवर पाळत ठेवून होते आणि ती माझ्यावर. दोघी एकाच दगडाची राखण करत होतो. फरक एवढाच की दगड कशाचा आहे हे तिला माहीत होतं.

मोजणी झाली. दोऱ्यांनी दाखवलेली जागा आणि मोजणीची जागा यांत वीतभर फरक निघाला. माझ्या टेपचा तो दोष असावा. ठोंबऱ्यांची भिंत आता सरळ आहे. जांभूळ बागेत आहे, पण चराच्या बाजूच्या फांद्या त्या उन्हाळ्यात वाळल्या त्या वाळल्याच. अर्ध्या अंगानं त्याला जांभळं येतात. शाळेतली पोरं खालून दगड मारतात तेव्हा मला बरं वाटतं, आणि त्या वाळक्या फांद्यांकडे मी शक्यतो बघत नाही.

दगड जाग्यावर बसवला त्या दिवशी मी आंबूबायला म्हटलं, "मावशी, शेंदूर लावा आता."

"तू लाव," ती म्हणाली. "आता तुला ठाव हाय त्यो कोन हाय त्ये."

मी लावला. दर महिन्याला एकदा लावते. माझ्या सामानाच्या यादीत फावडी, विळे, घमेली, टोपल्या यांच्याखाली "शेंदूर, एक पुडी; गोडेतेल, लहान बाटली" अशी ओळ आहे. नवीन येणाऱ्याला ती विचित्र वाटते. मी त्याला दगडापाशी नेते, फुली कुठे आहे ते दाखवते आणि हा कशाचा दगड आहे ते सांगते. एकाला नाही, प्रत्येकाला सांगते.

काम संपून चहा झाला की मी हत्यारं गोळा करते. फाटकाशी आले की मागे वळून बघते. आंबूबाय बाकावरून उठलेली असते. सावकाश चालत ती त्या कडेला जाते, खाली वाकते आणि दगडाच्या माथ्यावर तळवा ठेवून त्याला दोन्ही बाजूंनी हलवून बघते. पक्का आहे ना. आम्ही गेल्यावर, दर रविवारी. सुरुवातीला मला ते लागायचं. एकदा तिला विचारावं असंही मनात आलं, मावशी, अजून विश्वास नाही का?

विचारलं नाही. माझ्या हातात तेव्हा घमेली होती, आणि मी ती मोजत होते.